मातृभाषेच्या रकान्यात

जळगावच्या रेल्वे स्टेशनपासून सुभाष चौकापर्यंतची वाट पायी दहा-पंधरा मिनिटांची. एवढ्या वाटेवर ‘कुठे निघालात?’ हा एकच प्रश्न किती तऱ्हांनी कानावर पडतो पाहा. अमळनेर-पारोळ्याकडून आलेला माणूस विचारतो, ‘कोठे जाई राह्यना भाऊ?’ यावल-रावेरकडचा म्हणतो, ‘कुठी जाऊ राह्यला रे भो?’ सराफ बाजारातल्या पेढीवर ‘कठे जावो हो?’ ऐकू येतं, दाणा बाजारात ‘क्यां जाव छो?’, आणि तांबापुऱ्याच्या वळणावर ‘किदर जा रा रे?’ पुस्तकातलं ‘आपण कुठे चालला आहात?’ मात्र या वाटेवर सहसा भेटत नाही. ते शाळेत भेटतं, कचेरीत भेटतं आणि आकाशवाणीवर.

जळगाव शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चार लाख साठ हजार होती, धुळ्याची पावणेचार लाख. महानगरांच्या मानाने ही मध्यम गावं. अनेक भाषांचं शहर म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, फार तर पुणे. जळगाव-धुळ्याचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही. मी जन्मलो धुळ्यात आणि पोटापाण्यासाठी आयुष्य गेलं जळगावात. या दोन गावांत माझ्या कानांना भाषांची कधी वाण पडली नाही. त्या इथे कशा आल्या आणि सरकारी कागदावर त्यांचं पुढे काय झालं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी भूगोल. तापीचं खोरं म्हणजे चारी दिशांना दारं असलेलं घर. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे निमाड, पश्चिमेला सुरत, पूर्वेला वऱ्हाड, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर उतरले की मराठवाडा. सुरतेहून आग्र्याला जाणारा मोगलाईतला हमरस्ता नंदुरबार, बुऱ्हाणपूर करत याच खोऱ्यातून जायचा. आजही मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून जातो, आणि सुरत-नागपूर रस्त्यावर धुळे आणि जळगाव दोन्ही आहेत. जिथून इतके रस्ते जातात तिथे एकच भाषा कशी नांदेल?

याचे दोन दगडी साक्षीदार आहेत. पहिला चाळीसगावजवळच्या पाटणचा. शके ११२८ चा हा शिलालेख. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून इथे मठ स्थापला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. राजांच्या आणि पंडितांच्या वंशावळी, स्तुती, सगळं संस्कृतात. पण पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला द्यावं, तेलाच्या घाण्यामागे इतकं तेल द्यावं, असा व्यवहार आला की लेख जुन्या मराठीत उतरतो. वंशावळ पंडितांसाठी होती, तेल तेल्याकडून यायचं होतं. तेल्याला कळेल अशा भाषेत लिहिणं भाग होतं.

दुसरा साक्षीदार बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आहे. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, रावेरपासून हाकेच्या अंतरावर. पण तेव्हा ती खान्देशची राजधानी होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ साली अकबराने अशीरगड घेईपर्यंत इथे फारुकी सुलतानांनी राज्य केलं. त्यांतल्या राजा अलीखानाने ही मशीद बांधली. आत अरबी लेख आहे, तो असणारच. पण त्याच मशिदीत एक संस्कृत लेखही कोरला आहे. परमेश्वराला वंदन, मग फारुकी घराण्याची वंशावळ, आणि मग काळ: विक्रम संवत १६४६, शके १५११, तिथी-नक्षत्रासकट. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! तो राजा कुणाला खूश करायला निघाला होता, की त्याच्या राज्यात दोन्ही भाषा जाणणारी माणसं होती एवढीच ती गोष्ट होती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी एवढंच म्हणेन, की कोरणाऱ्याला त्यात अवघड वाटलं नसावं. छिन्नी तीच, हात तेच.

भाषा अशी भिंतीवर कोरलेली दिसते, तशी ती न दिसता तोंडातही मुरते. आमच्या शेतकऱ्याच्या बोलण्यातले खरीप आणि रब्बी हे शब्द अरबी, हंगाम आणि जमीन हे फारसी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतले फारसी शब्द अक्षरशः मोजून काळानुसार त्यांचं प्रमाण काढलं होतं. राजवाड्यांचा शेवटचा काळ धुळ्यात गेला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले, आणि त्यांचे कागद सांभाळणारं संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभं आहे.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठचं धुळे मुख्य ठाणं म्हणून निवडलं आणि नवी पेठ आखली. धुळ्याच्या गल्ल्यांना आजही नावाऐवजी नंबर आहेत, ही त्या आखणीची आठवण. उजाड मुलखात ठाणं वसवायचं तर व्यापारी हवे. मारवाडी आले, गुजराती आले. त्यांनी आपल्या वह्या आपल्या लिपीत लिहिल्या आणि उधारी मात्र गिऱ्हाइकाच्या बोलीत मागितली. मारवाडी शेठची अहिराणी ऐकावी. शेतकऱ्याला वाटावं, हा आपल्याच भावकीतला.

पुढे रेल्वे आली. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. तोवर साधं कसब्याचं गाव असलेलं जळगाव त्या कापसावर वाढलं. मुंबईच्या मूळजी जेठा या भाटिया व्यापाऱ्याच्या नावाची पेढी इथल्या खान्देश मिलशी जोडली गेली. अमळनेरला प्रताप मिल झाली. भुसावळला रेल्वेचं मोठं जंक्शन झालं आणि तिथल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये हिंदी, तेलुगू, तमिळ, इंग्रजी सगळं एकाच नळावर पाणी भरू लागलं. चाळीसगावला केकी मूस नावाचा पारशी छायाचित्रकार १९८९ पर्यंत राहिला. अमळनेरला १९४५ साली मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. गिरण्या बंद पडल्या; भाषा राहिल्या.

आमचं घराणं याच रस्त्यांवरचं. १८५७ च्या बंडानंतर आणि मग दुष्काळांच्या काळात अवध-बनारसकडचे मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेला उतरले. बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशी त्यांची वस्ती होत गेली. माझे वडील त्या विणकरांतले. आई मात्र तापीकाठच्या जुन्या खान्देशी मुसलमान घरातली. वडिलांकडची म्हातारी माणसं एखादी वस्तू नाकारताना म्हणत, ‘हमका नाहीं चाही.’ आजोळी म्हणत, ‘मेरेकू नक्को.’ जनगणनेच्या कागदावर दोघांची भाषा एकच, उर्दू. पण घरात जेवणाच्या ताटावर हे दोन शब्द समोरासमोर यायचे आणि आम्ही पोरं हसायचो. आजोळचं ‘नक्को’ कुठून आलं हे सांगायला भाषाशास्त्री लागत नाही. मराठी आमच्या स्वयंपाकघरात आधीच येऊन बसली होती. शाळेत तिची फक्त रीतसर ओळख झाली.

१९४७ नंतर सिंधी आले. जळगावची सिंधी कॉलनी, धुळ्याचं कुमारनगर या वस्त्या फाळणीतून उठलेल्या. त्यांच्या वृद्धांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेली असायची, बावन्न अक्षरांची. आमच्या ओळखीचे एक सिंधी कापड व्यापारी रोज दुपारी आमच्या मोहल्ल्यातल्या दुकानात उर्दू पेपर वाचायला यायचे. पाकिस्तानातून परागंदा झालेला माणूस आणि मोमिनांचं दुकान, पण त्या पेपरची अक्षरं त्यांना ओळखीची होती, आणि देवनागरी पाट्या त्यांना अजून लागत नव्हत्या. त्यांच्या नातवंडांना आज ती लिपी येत नाही. सिंधीला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, तरी घरात तिची जागा आक्रसत गेली.

आणि ज्यांना कुठूनही यावं लागलं नाही, ते सातपुड्यातले. पावरी, मावची, वसावे, ताडवी अशा त्यांच्या बोली. चोपडा, यावल, रावेर भागातले ताडवी भिल्ल धर्माने मुसलमान. त्यांना उर्दूवाले म्हणावं तर ते बोलतात आपली बोली. त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं याचा गोंधळ शहरी माणसालाच होतो, त्यांना नाही. आणखी पूर्वेला, बुलढाण्यातल्या जळगाव जामोदच्या बाजूला आणि पलीकडे निमाडात निहाली बोलतात. बोलणारे दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. संस्कृतही नवी वाटावी इतकी ती जुनी असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. नावाने आपल्याच जळगावची मावसबहीण असलेल्या तालुक्यात ही भाषा आहे, आणि आपल्याला तिचं नावही ठाऊक नसतं.

आता धुळ्यातल्या एका बाकाविषयी सांगतो. वडिलांचं धोरण साधं होतं: कोर्टकचेरीची भाषा मराठी, म्हणून पोरगा मराठी शाळेत. माझ्या बाकावर आम्ही तिघं होतो. एक पाटलाचा, घरी अहिराणी. एक बंजारा तांड्यावरचा, घरी गोरबोली. तिसरा मी. पाटलाचा पोरगा लिहायचा, ‘मी घरमा जास.’ बंजाऱ्याच्या वाक्याच्या शेवटी ‘छ’ डोकवायचा. माझं घोडं लिंगावर अडायचं, कारण आमच्याकडे पानी पुल्लिंगी. मी लिहायचो, ‘पाणी आला.’ गुरुजी तिघांच्या पाटीवर सारखीच फुली मारायचे. तिघांत परका कोण, असा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. पुस्तकातली मराठी तिघांच्याही आजीला येत नव्हती. ती आम्ही तिघांनी मिळून, एकमेकांच्या पाट्या बघत कमावली.

त्या ‘घरमा’त मोठी गोष्ट दडली होती. मराठीत ‘घरात’, गुजरातीत ‘घरमां’, अहिराणीत ‘घरमा’. ‘माझा’ ऐवजी ‘मना’, ‘मला’ ऐवजी ‘माले’, मुलगा म्हणजे ‘आंडोर’, आणि ‘ळ’चा ‘य’ होऊन धुळ्याचं ‘धुये’. ही मराठीची बोली की वेगळी भाषा? ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने १९०७ साली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खान्देशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं. तेव्हापासून वाद चालू आहे. काही विद्वान तिला मराठीची लेक म्हणतात, काही गुजरातीची भाची. बोलणारा मात्र वावरात आपलं काम करत राहिला.

वाद विद्वानांचा असला तरी त्याचे परिणाम कागदावर उमटतात. १९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा पश्चिम खान्देशातली १५६ गावं गुजरातला गेली. भाषेच्या आधारावर रेघ मारायची होती. पण त्या डोंगराळ पट्ट्यात घरोघर मराठी किंवा गुजराती नव्हती, भिल्ली बोली होत्या. सोयरे रेघेच्या दोन बाजूंना पडले. एका भावाच्या पोराला गुजराती पाटी, दुसऱ्याच्या पोराला मराठी.

भाषा मोजायची आपली रीत कशी आहे तेही पाहा. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती साडेएकोणीस हजारांच्या वर होती. चाळून, एकत्र करून ती १३६९ वर आणली गेली, आणि शेवटी १२१ भाषांच्या डब्यांत भरली. दहा हजारांहून कमी बोलणारे असतील तर वेगळा डबा नाही. म्हणजे निहालीची नोंद ‘इतर’मध्ये. माझ्या बाकावरच्या बंजाऱ्याची गोरबोली हिंदीच्या डब्यात गेली, मारवाडीही हिंदीत. ‘मेरेकू नक्को’ आणि ‘हमका नाहीं चाही’ उर्दूत मिसळले. पावरी, मावची, ताडवी भिल्लीत गेल्या; ती एक कोटीवर गेली, तरी आठव्या अनुसूचीत नाही. अहिराणीला ‘खान्देशी’ नावाखाली वेगळा डबा मिळाला. पण २००१ साली खान्देशी सांगणारे वीस लाख पंचाहत्तर हजार होते, ते २०११ मध्ये अठरा लाख साठ हजारांवर आले. दहा वर्षांत माणसं वाढली आणि बोलणारे दोन लाखांनी घटले! इतक्या लोकांनी एकाएकी बोलणं सोडलं असेल असं मला वाटत नाही. घरात अहिराणी बोलणारा माणूस प्रगणक दारात आला की चटकन ‘मराठी’ म्हणतो. त्याला वाटतं, अहिराणी सांगितली तर आपण अडाणी ठरू.

हा अडाणीपणाचा डाग कसा खोटा आहे याचं उत्तर जळगावनेच देऊन ठेवलं आहे. आसोद्याच्या माहेरची आणि जळगावच्या सासरची बहिणाबाई चौधरी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती ज्या बोलीत गायली तिला लोक सरसकट अहिराणी म्हणतात, पण ती मुख्यतः लेवा गणबोली, यावल-रावेर-जळगावच्या लेवा पाटलांची. १९५१ साली ती गेली. मुलाने, कवी सोपानदेवांनी, जपलेली तिची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आली. ज्या ‘डोया’वर शाळेत लाल फुली बसली असती तोच ‘डोया’ शाळेच्या पुस्तकात कविता होऊन आला. १९९० साली जळगावात सुरू झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून तिचं नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव पदवीच्या कागदावर छापलं जातं. बोलीच्या ताकदीचा याहून मोठा दाखला कुठे शोधायचा?

कविसंमेलनांत मला हमखास एक प्रश्न विचारला जातो. प्रेमानेच विचारतात. ‘तुम्ही मुसलमान असून इतकी चांगली मराठी कशी लिहिता?’ मी हसतो. पण उत्तर द्यायचंच झालं तर ते त्या बाकावर आहे. खान्देशात प्रमाण मराठी ही फार थोड्यांची मायबोली. ती आमची सगळ्यांची ओसरी आहे. प्रत्येक जण आपापल्या घरातून, आपली बोली बोलत ओसरीवर येतो. मारवाडी येतो, सिंधी येतो, पाटील येतो, पावरा येतो, मीही येतो. पाटलाचा पोरगा कविता लिहायला लागला तर त्याला कुणी विचारत नाही, की अहिराणी असून मराठी कशी लिहितोस. विचारलं पाहिजे असं नाही. मला विचारू नये, एवढंच. ओसरीवर कुणाचं घर जवळ, कुणाचं लांब असेल. बसायची सतरंजी एकच आहे.

काहींना भीती वाटते, की बोली वेगळ्या मोजल्या तर मराठीचा आकडा घटेल, मराठी दुबळी होईल. २०२४ साली जिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ती भाषा आकड्याच्या चोरीवर उभी नाही. पाटणच्या शिलालेखात ती तेलाच्या घाण्यापासून वर आली. बोलींच्या विहिरी भरलेल्या असल्या तरच ओसरीवरच्या रांजणात पाणी राहील. विहिरी बुजवून रांजण भरत नाही.

२०२१ ची लांबलेली जनगणना आता व्हायची ठरली; १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन सरकारने २०२५ साली जाहीर केला. आजवरच्या जनगणनांत मातृभाषेची व्याख्या साधी होती: लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली ती. शाळेची नव्हे, धर्माची नव्हे, जिल्ह्याची नव्हे. आणि त्या प्रश्नानंतर आणखी दोन भाषा सांगायची सोय असायची. म्हणजे मराठीला डावलायचं कारणच नाही. तिची जागा पुढच्याच ओळीत आहे. तेव्हा दारात प्रगणक आला आणि त्याने मातृभाषा विचारली, तर घाईने उत्तर देऊ नका. क्षणभर आपल्या आईने आपल्याला जेवायला कशी हाक मारली होती ते आठवा. ती हाक ज्या भाषेत होती, तिचं नाव सांगा आणि त्याने तेच लिहिलं का, हे बघून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)